पुलावर बसलेला बसवंतप्पा

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं सिद्धव्वाला बजावलं की वाकायचं नाही, भाकरी थापायची नाही आणि चिडायचं नाही. यातलं न वाकायचं तेवढं तिनं मानलं.

ऑपरेशन बिदरला झालं होतं, म्हणून करजगीचं घर, म्हशी आणि सुना एकमेकींच्या भरवशावर टाकून ती नातीकडं येऊन राहिली होती. नात म्हणजे थोरल्या लेकाची सुधारानी. कोळारला औषधाच्या कंपनीत गोळ्या तपासायच्या कामावर होती आणि गावात दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटीच राहायची. सिद्धव्वाच्या मते त्या खोल्या नव्हत्या, कोंबड्यांची खुराडी होती, आणि नातीच्या हातची भाकरी म्हणजे जोड्याचा तळ होता. पण पोरगी स्वतःच्या पगारावर राहते ही गोष्ट ती अफजलपूरच्या बाजारात चार बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत आली होती. तोंडावर बोलायचं आणि पाठीमागं मिरवायचं, ही तिची रीतच होती.

एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. उजेड तेवढा कळायचा, माणूस कळायचा नाही. म्हणून रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत सुधारानीचे सोबती जमले तेव्हा सिद्धव्वानं आतल्या खाटेवर पडून त्यांना कानानंच मोजून घेतलं. एक आवाज नातीचा. दुसरा संगमेशचा, तिच्याच कंपनीत पॅकिंगला असलेला, आपल्यातलाच लिंगायत पोरगा, बोलताना मधेच कानडीत घसरायचा. तिसरा प्रेरणाचा, औरादकडची, बौद्धांच्या घरची, कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली शिकत होती. तिचा आवाज सगळ्यांत ठाम. आणि चौथा होता बसवंतप्पा. त्याचं नाव घडीघडी निघत होतं, तो मात्र तोंडातून अक्षर काढत नव्हता.

सिद्धव्वानं कान दिला. बसवंतप्पा दोन दिवस चालत आलाय म्हणे. पोटात अन्नाचा कण नाही. त्याच्या अंगात ताकद किती धरायची यावर संगमेश आणि सुधारानी तावातावानं भांडत होते, आणि त्या बिचाऱ्याला कुणी पाणी विचारत नव्हतं. सिद्धव्वाचं डोकं फिरलं. बसवण्णाला मानणाऱ्या घरात आलेल्याला आधी जेवायला घालतात आणि मग कुठला कोण ते विचारतात. ती उठली, भिंत चाचपत गॅसपाशी गेली, डॉक्टरला मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले आणि भाकरी थापायला लागली. पुंडीची भाजी सकाळचीच होती, शेंगाची चटणी गावाहून आणलेली. चार ताटं वाढून तिनं एकेक करून बाहेर नेली.

चौथं ताट कुणाचं, असं सुधारानीनं विचारलं.

"त्या बसवंतप्पाचं. कामून बोलंना तो? लाजायलाय का?"

मग संगमेशला घास नसतानाच ठसका लागला. सुधारानीनं आज्जीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि सांगितलं की बसवंतप्पा इथं नाही. कुठंच नाही. तो कागदावर आहे, खेळातला गडी आहे, आणि अजून पुरता झालेलासुद्धा नाही.

दुसरी कुणी असती तर हसून आत गेली असती. सिद्धव्वाला कुणी हसलेलं खपत नसे. तिनं ते चौथं ताट आपल्याच मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "नसलेल्या माणसाला दोन दिवस उपाशी चालवता, आन् वर मलाच हसतायसा. सांगा आता, काय खेळ हाय ह्यो. सांगितल्याबिगर मी उठत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. आधी भीत भीत, आणि नंतर एकमेकांच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं.

दोन वर्षं झाली, दर रविवारी ते तिघं एक गोष्ट खेळत होते. गोष्ट प्रेरणा सांगायची, आणि गोष्टीतल्या माणसांनी काय करायचं ते बाकी दोघांनी बोलायचं. त्या गोष्टीत एक गाव होतं, चिंचखेड. गावामागच्या डोंगरातून रेड्याच्या तोंडाची फौज उतरली होती, आणि सगळं गाव पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन नदीवरच्या पुलाकडं निघालं होतं. पूल अरुंद होता. गाव पलीकडं जाईपर्यंत कुणीतरी पुलाच्या तोंडाशी उभं राहायला पाहिजे होतं. सुधारानीचा आधीचा गडी मागच्या रविवारी घाटात पडला होता. आज नवा गडी पुलाशी पोचणार, तो बसवंतप्पा. तो पोचणार एवढं ठरलं होतं. कसला गडी पोचणार, ते ठरत नव्हतं.

"कसला म्हंजे?" सिद्धव्वानं विचारलं. "माणूस माणसासारखा."

तसं नसतं, असं संगमेशनं समजावलं. प्रत्येक गड्यात सहा गुण असतात. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि रुबाब. आणि हे सहाही मिळून माप ठरलेलं असतं. त्या मापातलंच सगळ्यांना वाटून द्यायचं. ताकद वाढवली की दुसरं काहीतरी उतरतं. सगळं भरलेला माणूस करताच येत नाही.

सिद्धव्वाचा हात भाकरीवर थांबला. तिनं जन्मभर पायलीनं ज्वारी मोजली होती. एका पोत्यात एवढीच बसते, इकडं सांडली की तिकडं कमी, हे तिला ठाऊक होतं. पण माणसाचंही असं माप असेल आणि ते कुणी पोरं भाड्याच्या खोलीत बसून वाटत असतील, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आपला नवरा, दीर, तीन सुना, सगळी एकेक करून तिच्या पट्टीआडच्या डोळ्यापुढून गेली. धाकट्या सुनेत कुणीतरी सगळं माप चपळाईत ओतलं होतं आणि शहाणपणात पायलीचा तळही झाकला नव्हता. देवानंही असंच कुठंतरी बसून, असंच भांडत केलं असेल काय? तिच्या अंगावर काटा आला, आणि तो तिनं पदरानं झाकला.

संगमेशच्या मनातला बसवंतप्पा कुऱ्हाडवाला होता. दोन्ही हातांत धरायची, मांडीएवढ्या दांड्याची कुऱ्हाड. ताकद शिगोशीग. त्याचं म्हणणं, रेडेतोंडा जवळ यायच्या आत आडवा पडला तर त्याचा मार खायची वेळच येत नाही. सुधारानीच्या मनातला ढालवाला होता. वार बेताचे, पण दम दांडगा, अंगावर लोखंड, आणि शेजारच्यावर आलेला घाव तो आपल्या ढालीवर घेऊ शकत होता. पूल राखायचाय, डोंगर जिंकायचा नाही, असं तिचं म्हणणं. त्यावर संगमेश म्हणाला की नुसता मार खाऊन पूल राहत नाही, ढालवाला हळूहळू झिजतो. तिनं विचारलं की चौघांनी एकदम घेरल्यावर कुऱ्हाड कुणीकडं फिरवणार. त्यांनी दोघांची लुटुपुटूची लढाईसुद्धा लावून पाहिली होती, स्टीलच्या ताटात वीस तोंडांचा फासा टाकत. कधी हा जिंकायचा, कधी तो.

सिद्धव्वानं विचारलं की गड्याचं नाव बसवंतप्पा कुणी ठेवलं.

सुधारानी म्हणाली, "मीच. त्याला पुरवंत केलंय मी, आज्जी. लहानपणी तुझ्या माहेरच्या जत्रंत बघितला होता तसा. पायात वाजणारे गग्गर, भगवं धोतर. फकस्त त्याच्या हातात ढाल असती का नसती, ते मला आठवंना."

आता हे करजगीच्या घरात कुणी विचारलं नसतं.

सिद्धव्वाचा बाप धोंडप्पा भीमेकाठच्या त्या गावचा पुरवंत होता. वीरभद्राच्या पालखीपुढं तलवार घेऊन नाचायचं आणि देवाचा पराक्रम कडाडून म्हणायचा, हे पुरवंताचं काम. त्या म्हणण्याला वडप म्हणतात. वडप बापाकडून लेकाकडं जायचं. धोंडप्पाला लेक नव्हता. औत हाकताना तो वडप घोकायचा आणि मागून बियाणं टाकणारी सिद्धी पावलांनी ताल धरायची, एवढंच काय ते. ती बारा वर्षांची असताना भर जत्रेत बापाचा आवाज बसला आणि ओळ अर्ध्यावर तुटली. गर्दी श्वास धरून उभी होती. आणि बायांच्या घोळक्यातून पुढची ओळ आली, खणखणीत. सिद्धीच्या तोंडून.

तिला कुणी मारलं नाही. धोंडप्पानं नुसती तलवार म्यान केली. पालखी थांबली, देवावर पाणी घातलं, बाईच्या तोंडचं वडप देवाला चालत नाही असं म्हातारे बोलले. त्या दिवसापासून बाप तिच्यासमोर घोकेनासा झाला. तो गेल्यावर तलवार चुलतभाऊ अमृतप्पाकडं गेली, पण अमृतप्पाला निम्मंच येत होतं, आणि त्याच्या पोरांना तेवढंही नाही. आता जत्रेत दुसऱ्याच गावचं वडप मोबाईलवरून भोंग्याला लावतात. मागच्या वर्षी देवळातली माणसं करजगीला आली होती, अव्वा, तुम्हाला सगळं येतं म्हणे, मोबाईलवर भरून घेतो म्हणून. सिद्धव्वानं त्यांना पायरीवरूनच परत पाठवलं. तेव्हा माझं तोंड बाईचं होतं, ती म्हणाली, आता काय त्याला मिशा फुटल्या का? ते वडप एकट्या तिच्यात उरलं होतं, एक ओळ न गळता, आणि ते तिच्याबरोबरच मातीत जाणार हे तिनं ठरवून टाकलं होतं. सुधारानीला यातलं निम्मं ठाऊक होतं, आणि निम्म्याच्या भरवशावर तिनं विचारलं होतं.

पंखा कुरकुरत होता. सिद्धव्वानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घालायच्या आधी म्हणाली, "ढाल न्हाई. पुरवंताच्या छातीवर वीरभद्राचा पत्रा असतोय, तीच ढाल. एका हातात तलवार. बाकीचं सगळं गळ्यात. आवाज नसलेला पुरवंत म्हंजे नुसतं सोंग. तो रुबाब का काय म्हणायलाव तुमी, त्यात घाला."

संगमेशनं कपाळाला हात लावला, त्याचा आवाज तिनं ऐकला. फायटरच्या रुबाबात कुणीच काही घालत नाही, असं त्यानं आदबीनं सांगितलं. "लढायलाय तो, आज्जी. निवडणुकीला उभारला न्हाई."

तिकडं प्रेरणा पहिल्यांदाच हसली. नियमात बसतंय, ती म्हणाली, पण माप तेवढंच आहे. कुठून काढायचं ते सांगा.

"ताकदीतनं काढा."

"ताकदीतलं काढलं तर वार हुकल," संगमेश म्हणाला. "मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

सुधारानीनं खोडरबर घेतलं. कागदावर ते घासल्याचा आवाज सिद्धव्वाला स्पष्ट ऐकू आला. ढाल गेली. ताकद दोनानं उतरली. रुबाब चढला. संगमेशनं त्या गड्याकडं बघून एवढंच म्हटलं की हा ना धड कुऱ्हाडवाला, ना धड ढालवाला, आणि चिंचखेडवाल्यांचं आता अवघड आहे.

मग प्रेरणानं गोष्ट सुरू केली.

सिद्धव्वानं कीर्तनं ऐकली होती, बयलाटाची नाटकं बघितली होती, पण हे निराळंच होतं. प्रेरणा आवाज चढवत नव्हती. ती नुसतं सांगत होती की पुलाखाली पाणी गढूळ आहे, बैलगाड्यांची चाकं फळ्यांवर वाजतायत, एक कुंभारीण म्हातारी शेळीला ओढतेय आणि शेळी पुलावर पाय टाकायला तयार नाही. आणि सिद्धव्वाला ते दिसायला लागलं. डोळ्यावर पट्टी, समोर धुरकट उजेड, आणि त्यात भीमा वाहत होती. शेळीचा एक कान फाटका होता. तो प्रेरणानं सांगितला नव्हता, तरी होता. डॉक्टरनं एवढं उपकरण घालून जे दाखवलं नाही ते ही पोरगी हात न लावता दाखवायलीय, असं तिच्या मनात आलं, आणि तिच्या तोंडातला घास तसाच राहिला.

डोंगराकडून धूळ उठली. बसवंतप्पा पुलाच्या तोंडाशी आला, दोन दिवसांचा उपाशी, पायात गग्गर वाजत. सुधारानीनं फासा टाकला. ताटात तो खणखणत फिरला. पहिला रेडेतोंडा पडला. दुसराही. तिसऱ्यानं बसवंतप्पाचा खांदा फोडला. संगमेशचा स्वतःचा गडी तिरंदाज होता, तो पलीकडच्या काठावरून गावाला वाट करून देत होता आणि मधूनच बाण सोडत होता. अर्धं गाव पार झालं. कुंभारणीची शेळी पुलाच्या मधोमध येऊन बसली. सुधारानी फासा टाकताना श्वास धरायची आणि पडल्यावर सोडायची, आणि सिद्धव्वाच्या लक्षात आलं की आपणही तेच करतोय.

मग रेडेतोंड्यांचा म्होरक्या पुढं आला. त्याला पाडलं असतं तर बाकीचे मागं फिरले असते, असं प्रेरणानं आधीच सांगून ठेवलं होतं. सुधारानीनं फासा हातात कितीतरी वेळ घोळवला आणि टाकला.

संगमेशनं वाकून आकडा वाचला. मग हळूच म्हणाला, "दोनानं हुकला."

त्यानं टोमणा मारला नाही, हे सिद्धव्वाला जास्त लागलं. ते दोन कुणी काढायला लावले होते ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

म्होरक्याचा घाव बसला. त्यानंतरचा दुसराही. बसवंतप्पा गुडघ्यावर आला, उठला, परत आला. मरता मरता त्यानं म्होरक्याचा हात उडवला आणि ते सगळे जखम बांधायला धुळीत मागं सरले. "पण ते परत येणार," प्रेरणा म्हणाली. "बसवंतप्पा पुलावर पडलाय. पाठीवर. डोळे उघडे हायत. तो गेला, सुधा."

सुधारानीनं पेन्सिल खाली ठेवली. संगमेशनं नाक ओढलं. सिद्धव्वा त्या दोघांकडं तोंड करून बसली. जन्माला न आलेल्या माणसासाठी ही शिकलेली, पगारदार पोरं रडत होती, आणि तिला त्यात वेडेपणा दिसत नव्हता. भावकीतल्या कितीतरी मयतांना ती पदर डोळ्याला लावून बसली होती आणि मनात म्हशीच्या धारेचा हिशोब चालू असायचा. इथं मात्र तिच्या छातीत खरोखर काहीतरी जड झालं होतं. ते कुणी ठेवलं, कधी ठेवलं, तिला कळलं नाही.

"झोपवू नका त्याला," ती म्हणाली.

प्रेरणानं विचारलं, म्हणजे काय.

"पाठीवर पडलाय म्हणालीस न्हवं? आमच्यात मेलेल्याला झोपवत न्हाईत. बसवत्यात. ह्या दोघांना इचार. उठवून बसवा त्याला, मग काय करायचं ते करा."

संगमेश लगेच सरसावून बसला. खरंय, तो म्हणाला, आमचे आजोबा गेले तेव्हा असंच भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. मग त्याचा तिरंदाज पलीकडच्या काठावरून धावत आला. त्यानं बसवंतप्पाला पुलाच्या कठड्याला टेकवलं, मांडी घालून दिली, कपाळाला विभूती लावली, डाव्या तळव्यावर गळ्यातलं लिंग ठेवलं. सुधारानीनं सांगितलं की तलवार त्याच्या मांडीवर आडवी ठेव. डोळे मिटू का, असं त्यानं विचारलं. तिनं आज्जीकडं बघितलं असावं. सिद्धव्वा म्हणाली, राहू दे उघडे. मग तिरंदाज परत शेळीकडं पळाला, कारण शेळी अजून उठली नव्हती.

कोर्टात कायद्याचं कलम आठवावं तसं काहीतरी प्रेरणा मनात शोधत असणार. मग तिनं विचारलं, "त्याच्या रुबाबात किती हाय?"

सुधारानीनं आकडा सांगितला.

"बरं," प्रेरणा म्हणाली. "धूळ खाली बसली. रेडेतोंडे परत आले. त्यांना वाटलं होतं, वाट मोकळी असल. पण ज्यानं त्यांचा म्होरक्या लुळा केला तो माणूस पुलाच्या तोंडाशी मांडी घालून बसलाय. रक्तानं न्हाऊन निघालाय आणि डोळे उघडे हायत. त्यांनी असा मेलेला माणूस कधी बघितला न्हाई. त्यांच्यात मेलेले आडवे असत्यात. ते थांबले."

संगमेशच्या तोंडून कानडीत काहीतरी निसटलं.

"पण थांबलेत, गेले न्हाईत. शेळी अजून पुलावर हाय, म्हातारी शेळीपाशी हाय. एकजण पुढं येतोय. तो ओरडून विचारतोय." प्रेरणानं आवाज जाड केला. "तू कोण हायस? बोल. जिता असशील तर नाव सांग."

आणि ती थांबली.

मेलेला माणूस बोलत नाही, हे खेळातही तेवढंच खरं होतं. तिरंदाज लांब होता. सुधारानीच्या हातातला गडी संपला होता. प्रेरणानं परत विचारलं, बोल, आणि दोनदा विचारल्यावर ती तिसऱ्यांदा विचारणार नाही हे सगळ्यांना कळलं.

सिद्धव्वाला प्रश्न विचारला नव्हता. करजगीच्या सिद्धव्वाला, धोंडप्पाच्या लेकीला, कुणा बाईला तो प्रश्नच नव्हता. तो बसवंतप्पाला होता. पुरवंताला भर पुलावर कुणीतरी तू कोण म्हणून विचारत होतं, आणि त्या प्रश्नाला पुरवंताकडं एकच उत्तर असतं. ते उत्तर सगळ्या दुनियेत आता एकाच तोंडात होतं. तिच्या मांडीवर बसवंतप्पाचं ताट होतं. ते तिनं बाजूला ठेवलं आणि पाठ ताठ केली.

पहिला शब्द गंजलेल्या रहाटासारखा आला. तिला स्वतःलाच तो आवाज परका वाटला. दुसऱ्या ओळीला गळा सुटला. वडप कानडीत होतं. मी कोण म्हणून विचारतोस, असं ते सुरू व्हायचं. आधी माझ्या पायातले गग्गर ऐक. मग बघ, ही जटा कुणी आपटली, तिच्यातून कोण उठला, दक्षाच्या मांडवात कोण शिरला, कुणाच्या पावलांनी होमातला विस्तव विझला. तिनं टाच जमिनीवर आपटून ताल धरला, औतामागं धरायची तसा. गुडघे दुखत होते आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी होते. भांड्यांच्या फळीवर पेला थरथरला. खालच्या मजल्यावरचा टीव्ही कुणीतरी बंद केला.

मग ती ओळ आली. बापाचा आवाज जिथं तुटला होता ती. सिद्धव्वा तिच्यापाशी आली तशी तिला ती गर्दी दिसली, धरलेले श्वास दिसले, बापाचा घामानं निथळणारा गळा दिसला. तिनं ओळ उचलली. पुरी म्हटली. आणि कुणी तलवार म्यान केली नाही. पालखी थांबली नाही. ती पुढच्या ओळीवर गेली, त्याच्या पुढच्या, आणि शेवटची आरोळी तिनं अशी दिली की बाहेर वळचणीवरची कबुतरं फडफडली.

मग ती भिंतीला टेकून बसली.

सुधारानीनं विचारलं की फासा टाकायचा का. हा खेळ फाशाबिगर पाऊल पुढं टाकत नाही, हे एव्हाना सिद्धव्वालाही कळलं होतं. ताटावर हाताचा तळवा ठेवल्याचा मऊ आवाज आला. प्रेरणानं फासा झाकला होता.

"नको," ती म्हणाली. "ते मागं फिरले. पळालेच." आणि जरा वेळानं, "शेळी उठली. म्हातारी पलीकडं गेली. सगळं गाव गेलं."

संगमेश उठला आणि सिद्धव्वाच्या पाया पडला. पाया पडायचं काय कारण, असं तिनं त्याला झापलं, आणि वर सुनावलं की ते दोन ताकदीतच ठेवले असते तर आपला माणूस वाचला असता, हे मला कळतंय, मी काय खुळी न्हाई. तो म्हणाला, कुऱ्हाडवाला असता तर मारून मेला असता, आज्जी, आणि मेल्यावर संपला असता. सिद्धव्वाचा हात चटईवर फिरला. कागद, पेन्सिल, ताट, आणि त्यातून नदी, पूल, एवढं मोठं गाव. आपल्या बापाला जी जागा जत्रेतल्या हजार माणसांत देता आली नाही ती या पोरांनी चटईएवढ्या खोलीत काढून दिली होती. देवळात गेल्यावर चप्पल काढावी तसं तिला त्या चटईवरून पाय मागं घ्यावासा वाटला, आणि तिनं घेतला.

दिवस कलल्यावर दोघं गेले. जाताना प्रेरणानं विचारलं की पुढच्या रविवारी आज्जी आहेत का. सिद्धव्वा म्हणाली, पट्टी निघाली तरी डॉक्टर काही लगेच गावाला सोडत नाही, बघू. बसवंतप्पाच्या ताटातली उरलेली भाकरी तिनं स्वतः खाल्ली. वाढलेलं ताट तसंच टाकायची तिच्या घरात पद्धत नव्हती.

सुधारानी मोरीत भांडी घासत होती. सिद्धव्वा खाटेवर आडवी झाली. नळाच्या आवाजातून दुसराही एक आवाज यायला लागला, बारीक, चाचपडणारा. पोरगी वडपाची सुरुवात तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होती. तिला वाटत होतं पाण्यात ते झाकलं जाईल. दोन ओळी निम्म्याशिम्म्या बरोबर आल्या, तिसरीला गग्गर सोडून ती एकदम जटेवर घसरली.

सिद्धव्वानं कूस बदलली. अंधारलेल्या उजेडात तिला मोरीच्या दारातली आकृती तेवढी दिसत होती, वाकलेली, हातात ताट.

"नळ बंद कर," ती म्हणाली.

नळ बंद झाला.

"आधी गग्गर वाजत्यात. जटा मागनं. म्हण परत."